मोबाइल नंबर कशाला हवा?

माझ्या केंद्रातल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डला एक खोड आहे. इंग्रजी 'ए'चं बटण जरा जोरात दाबलं की अक्षर दोनदा उमटतं. सीईटीचा, शिष्यवृत्तीचा किंवा डोमिसाइलचा अर्ज असला की मी शेजारी उभी राहून दहावीच्या गुणपत्रिकेवरून अक्षर न् अक्षर ताडून घेते, म्हणून तिथे हे जादा 'ए' टिकत नाहीत. पण अर्ज झाला की मुलं त्याच खुर्चीत बसून आपापलं काही बघत असतात. गेल्या हंगामात एका मुलीनं, कोणतं कॉलेज मिळेल याचा अंदाज सांगणाऱ्या एका साइटवर आपलं नाव, पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि वडिलांचा मोबाइल नंबर टाकला. घाईत नावाच्या शेवटी दोन 'ए' पडले.

थोड्याच दिवसांत तिचे वडील फोन घेऊन दुकानात आले. व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्याच्या एका कॉलेजचा मेसेज, नागपूरकडच्या एकाचा, एक तर कर्नाटकातून. प्रत्येकाची सुरुवात 'अभिनंदन' आणि पुढे मुलीचं नाव, शेवटी दोन 'ए'. एकानं 'तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र'च धाडलं होतं, सहीशिक्क्यासकट. त्यावरही दोन 'ए'.

"ताई, सीईटीवाल्यांनीच नंबर इकल्यात बगा," वडील म्हणाले. आमच्याकडे हा समज घरोघरी आहे, आणि सरकारबद्दल वाईट बोलायला कोणाला पुरावा लागत नाही. मी त्यांना मुलीचा सीईटीचा अर्ज उघडून दाखवला. तिथे नाव चोख होतं. ते जादाचं अक्षर एकाच ठिकाणी टाइप झालं होतं आणि तिथून दोन राज्यं फिरून परत बार्शीला आलं होतं.

मी बार्शीत एसटी स्टँडजवळ हे दुकान चालवते. सासऱ्यांचा एसटीडी बूथ होता, त्याचं झेरॉक्स झालं, मग नेट कॅफे, आणि आता लोक त्याला नुसतं 'फॉर्म भरायचं दुकान' म्हणतात. पीकविमा, नॉन-क्रीमीलेअर, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, आणि मे ते ऑगस्ट पोरांचे प्रवेश. बापमाणसं मला ताई म्हणतात, पोरं काकू म्हणतात. या खुर्चीतून मला जे रोज दिसतं ते एवढंच आहे: मुलाचा प्रवेश व्हायच्या कितीतरी आधी त्याची माहिती विकून होते. ती विकली जाते तेव्हा तो बहुधा सतरा वर्षांचा असतो. कायदा त्याला मूल म्हणतो. माझं म्हणणं आहे की कॉलेजात पाऊल न टाकलेल्या मुलाचा असा माग काढायला कोणालाच मुभा नसावी, कॉलेजलासुद्धा.

ही माहिती गोळा कशी होते ते बघा. अंदाज सांगणाऱ्या साइटवर पर्सेंटाइल टाकलं, प्रवर्ग टाकला, शाखा निवडली की चाक फिरतं आणि यादी धूसर दिसायला लागते. नावं अर्धवट वाचता येतात, पूर्ण नाहीत. खाली लिहिलेलं असतं, यादी पाहण्यासाठी मोबाइल नंबर टाका. नंबर टाकला की ओटीपी. ओटीपी कशासाठी, तर म्हणे सुरक्षिततेसाठी. सुरक्षितता कोणाची? नंबर खरा आहे, फोन उचलणारं घर खरं आहे, याची खात्री त्या ओटीपीनं होते आणि खात्रीच्या नंबरला बाजारात भाव जास्त. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत इंग्रजीतून एक वाक्य असतं, त्यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली असते. वाक्याचा मतलब असा, की आमच्या भागीदार संस्थांनी फोन, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप काहीही करावं याला माझी परवानगी आहे आणि माझा नंबर डीएनडीत नोंदलेला असला तरी ही परवानगी त्याच्या वरची समजावी. नको असलेले फोन थांबवायची जी एकमेव सरकारी सोय बापाच्या हातात होती, ती पोरानं न वाचता सोडून दिलेली असते. सतरा वर्षांच्या मुलाची अशी परवानगी धरायची की नाही, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

नंबर पोराचा क्वचितच असतो. वडिलांचा असतो, मामाचा असतो, कधी आईचा. त्यामुळे फोन जातो तो द्राक्षबागेत औषध मारणाऱ्या माणसाला किंवा शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला, जिला प्रवेशाच्या फेऱ्या कशा चालतात हे माहीत नसतं. पलीकडच्याला मात्र तिच्या मुलीचं पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढच्या आकड्यांसकट पाठ.

पाठ कसं, ते मला आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं सांगितलं. बीकॉम करून ती पुण्यात अशाच एका ऑफिसात लागली होती. काम टेलिकॉलरचं, पदाचं नाव 'अ‍ॅडमिशन कौन्सेलर'. दिवाळीला आली तेव्हा दुकानात बसून बोलत होती. तिच्यासमोर स्क्रीनवर प्रत्येक मुलाची एक ओळ असायची. नाव, गाव, पर्सेंटाइल, प्रवर्ग, कोणत्या जाहिरातीवरून आला, आणि पुढे कॉलेजच्या वेबसाइटवर त्यानं काय काय उघडलं, कधी उघडलं. या सगळ्यावरून यंत्र त्याला गुण द्यायचं आणि रंग लावायचं. हॉट, वॉर्म, कोल्ड. हॉटला आधी फोन.

"फीचं पान दोनदा उघडलेलं दिसलं की आपण हप्त्यांवरनं सुरुवात करायची," ती म्हणाली. "होस्टेलचं पान उघडलं असंल तर रेक्टर बाई आहेत, सीसीटीव्ही आहे, मुलगी सुरक्षित राहील. रात्री उशिरा बघितलं असंल तर घरात चर्चा चाललीय असं समजायचं, सकाळी लगेच फोन. समोरच्याला वाटतं, यांनी आपल्या मनातलं ओळखलं. ओळखायचं काय त्यात काकू, लिहिलेलंच असतं समोर."

बार्शीची भुसार बाजारपेठ मोठी. इथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेतकऱ्याला आजच पैसे हवेत, उद्या पोरीचा साखरपुडा आहे, हे आडत्याला कळलं की तुरीचा भाव तिथेच पडतो. माल तोच, तूर तीच. फरक एवढाच, की एकाला दुसऱ्याची नड ठाऊक आहे. त्या स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं ती नडच असते.

या फोनांमुळे होणारं नुकसान नुसतं डोकेदुखीचं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. बँका, कर्जवाले, प्लॉटवाले, सगळेच फोन करतात, आपण कट करतो. पण प्रवेशाच्या बाबतीत एका 'हो'ची किंमत कधी कधी लाखात जाते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आमच्या तालुक्यात या निर्णयानं खरंच फरक पडला. पण त्यात एक अट आहे, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या किंवा संस्थेच्या पातळीवर परस्पर भरलेल्या जागेला ही माफी नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही.

आता फोनवरचं बोलणं ऐका. "सर, कॅपच्या भरवशावर राहू नका, तुमच्या मुलीच्या पर्सेंटाइलला कॉम्प्युटर लागणार नाही. आज दहा हजार भरून सीट ब्लॉक करा, नाही जमलं तर बघू." दोन 'ए'वाल्या मुलीच्या वडिलांना हेच सांगितलं होतं. मुलगी ओबीसी, उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांचा. कॅपच्या दुसऱ्या फेरीत तिला सोलापुरात जागा मिळाली, फी माफ झाली. त्या दिवशी वडील पैसे भरून मोकळे झाले असते तर चार वर्षांची फी अंगावर आली असती, आणि ती कायद्यानं योग्य ठरली असती. त्यांनी स्वखुशीनं भरली, असंच म्हटलं गेलं असतं. फोन करणाऱ्याला तिचा प्रवर्ग ठाऊक होता हे लक्षात घ्या. म्हणजे माफी लागू होते हेही त्याला ठाऊक असायला हवं होतं. तेवढंच त्यानं सांगितलं नाही.

वेबसाइटवरची पाळत कशी चालते त्याचा एक गमतीचा नमुना माझ्या दुकानात दर जुलैला दिसतो. मुलानं एखाद्या कॉलेजची साइट उघडली की ती साइट त्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवून जाते, तिला कुकी म्हणतात. शिवाय पानात फेसबुक-गूगलसारख्यांचा एक न दिसणारा ठिपका असतो, तो हा ब्राउझर इथे येऊन गेला असं तिकडे कळवतो. मग तो ब्राउझर जिथे जाईल तिथे त्या कॉलेजच्या जाहिराती मागे लागतात. माझ्याकडे मशीन सगळ्यांचं एकच. त्यामुळे पीकविम्याचा नंबर येईपर्यंत यूट्यूबवर कीर्तन लावून बसलेल्या आजोबांना मध्येच 'आर्टिफिशियल इंटेलिजन्समध्ये बी.टेक., थोड्याच जागा शिल्लक' असं दिसतं. आजोबा म्हणतात, नातवाला सांगतो. रात्री दुकान बंद करताना मी सगळ्या मशीनची हिस्टरी आणि कुकी पुसते, सकाळी पुन्हा तेच.

कॅफेच्या मशीनवर ही पाळत अशी फसते, कारण तिला माणूस दिसत नाही, मशीन दिसतं. मोबाइल नंबर मिळाला की ते फसणं संपलं. आधी नुसता कुणीतरी होता, आता त्याला नाव, गाव, जात आणि बाप मिळाला. म्हणून त्या रकान्यासाठी एवढी धडपड.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. अमेरिकेत ते आपल्या आधी आणि जास्त पद्धतशीर झालं. 'वॉशिंग्टन पोस्ट'नं ऑक्टोबर २०१९ मध्ये छापलं होतं, की तिथल्या ४४ विद्यापीठांनी भावी विद्यार्थ्यांची माहिती गोळा करून त्यांना गुण देणाऱ्या कंपन्यांबरोबर काम केलं होतं. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठाची वेबसाइट एका मुलीनं उघडली, तर तिचं नाव, तिचा वंश, तिनं साइटवरची २७ पानं पाहिली, आणि ती प्रवेश घेण्याची शक्यता १०० पैकी ९१, एवढं सगळं प्रवेश विभागाकडे आपोआप गेलं. तिला याची काहीच कल्पना नव्हती. सॅट परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड ही तर ना-नफा संस्था. परीक्षेला बसणाऱ्या मुलांची नावं ती कॉलेजांना एका नावाला ४७ सेंट दरानं देत होती, हे त्याच वर्षी 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं लिहिलं. न्यूयॉर्क राज्यानं तिच्यावर कारवाई केली. शाळेत परीक्षा घेताना मुलांकडून भरून घेतलेली माहिती २०१९ या एकाच वर्षी न्यूयॉर्कमधल्या २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलांची कॉलेजांकडे गेली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये साडेसात लाख डॉलर भरून तडजोड झाली. ना-नफा, सरकारी, शैक्षणिक असे शब्द पाटीवर असले म्हणून मुलांची माहिती सुरक्षित राहते असं नाही, हे तिथे कागदोपत्री सिद्ध झालं आहे.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या अध्यक्षांनी बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीबद्दल उघड आरोप केला होता, की मुलांचे आणि पालकांचे नंबर विकत घेऊन त्यांच्या मागे लागतात, मुलाचं भवितव्य बिघडेल अशी भीती घालतात. कंपनीनं नंबर विकत घेतल्याचं नाकारलं. ती कंपनी पुढे कुठे गेली ते सगळ्यांना माहीत आहे, पण ते फोन करायची रीत तिच्याबरोबर गेली नाही.

मग कायदा काय करतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. मी तो वाचला, अर्जाच्या सूचना वाचते तसा, पेन घेऊन. आणि खरं सांगते, मुलांच्या बाबतीत तो वाचून बरं वाटलं. अठरा वर्षांखालचा तो मूल. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची, पडताळून पाहता येईल अशी संमती हवी. नवव्या कलमात सरळ लिहिलं आहे, की मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागायचा हक्क आहे. आधीच खूण केलेल्या चौकोनाला संमती म्हणता येणार नाही.

पुढचं वाचलं तेव्हा पेन थांबलं. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने दिले, म्हणजे मे २०२७. तोवर मोकळं रान. दंड झालाच तर तो जाणार भारताच्या संचित निधीत. ज्या मुलीचा नंबर विकला गेला तिला एक रुपया नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं ४३-ए हे कलम काढून टाकायची तरतूद याच कायद्यात आहे. आणि सामान्य माणसाचीही कर्तव्यं लिहून ठेवली आहेत. खोटी किंवा उथळ तक्रार केली तर त्याला दहा हजारांपर्यंत दंड. बार्शीतला बाप आता आपली तक्रार उथळ ठरेल की काय, याचाच आधी विचार करत बसेल.

पण माझा खरा आक्षेप नियमांच्या चौथ्या अनुसूचीवर आहे. तिथे शैक्षणिक संस्थांना सूट दिली आहे. संस्थेच्या शैक्षणिक कामांसाठी, किंवा तिथे शिकणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी, माग काढायला आणि वागण्यावर लक्ष ठेवायला त्यांना चालतं. शाळेच्या बसला जीपीएस लावायचं, वर्गातली हजेरी मोजायची, तर ही सूट लागेलच, त्याला माझी हरकत नाही. आता वाक्य पुन्हा वाचा. सुरक्षिततेच्या बाबतीत 'तिथे प्रवेश घेतलेली मुलं' अशी मर्यादा आहे. शैक्षणिक कामांच्या बाबतीत ती मर्यादा नाही. उद्या एखादं कॉलेज म्हणेल, प्रवेश देणं हे आमचं शैक्षणिक कामच आहे, आणि अंदाज सांगणारा हा पोर्टल आमच्याच वतीनं काम करतो. हॉट, वॉर्म, कोल्डचा सगळा पसारा त्या एका फटीतून आत येईल. केंद्र सरकारनं त्या ओळीत 'प्रवेश घेतलेल्या मुलांपुरते' असे तीन शब्द घालावेत. मे २०२७ पर्यंत त्याला वेळ आहे. एआयसीटीई आणि यूजीसी दरवर्षी कॉलेजांना शेकड्यानं अटी घालतात, प्रयोगशाळेत किती स्टुलं हवीत इथपर्यंत. त्यांना तर कायद्याची वाटही बघायला नको. मुलांची माहिती विकत घेणाऱ्या कॉलेजची मान्यता तपासू, एवढं एक परिपत्रक पुरे.

माझ्या ओळखीचे एक संस्थाचालक आहेत, जवळच्याच तालुक्यात त्यांचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यांच्याशी यावर बोलणं झालं. ते म्हणाले, "ताई, मोठ्या शहरातल्या कॉलेजांकडे पोरं रांगेनं येतात. माझ्या निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या तर प्राध्यापकांचे पगार कुठून देऊ? मी फोन नाही केला तर दुसरा करणारच." त्यांची अडचण खोटी नाही. राज्यात अभियांत्रिकीच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहत आल्या आहेत, आणि लहान गावातलं कॉलेज टिकावं असं मलाही वाटतं. शिवाय कधी कधी या फोनांमुळेच एखाद्या घराला कळतं की अशी एखादी शाखा असते, अशी शिष्यवृत्ती असते. म्हणून मी जाहिरातीच्या विरुद्ध नाही. एसटीच्या मागे लावा, गावच्या जत्रेत मंडप टाका, ज्युनिअर कॉलेजात येऊन सांगा, हवं त्याला पत्रक द्या. फक्त पत्रक घेणाऱ्या पोराच्या मागे मागे त्याच्या घरापर्यंत जाऊ नका, आणि त्यानं फीचा आकडा किती वेळा वाचला ते वहीत मांडून ठेवू नका. 'दुसरा करणारच' हे कारण तर कायदाच संपवू शकतो. सगळ्यांना एकदम बंदी झाली की कोणाचंच नुकसान नाही, उलट पोर्टलवाल्यांना जाणारे पैसे प्राध्यापकांच्या पगाराला उरतील.

सरकारी बाजूलाही एक गोष्ट सांगायची आहे. सीईटी कक्ष गुणवत्ता यादी आणि जागावाटपाच्या याद्या वेबसाइटवर टाकतो. त्यात नाव, प्रवर्ग, गुण असं सगळं. पारदर्शकता हवीच. पूर्वी प्रवेशात काय काय घोटाळे व्हायचे ते आमच्या पिढीनं पाहिलं आहे, यादी उघड्यावर असली तरच खालच्या गुणांचा वर गेलेला सापडतो. पण त्यासाठी नाव कशाला? आमच्या वेळी दहावी-बारावीचा निकाल वर्तमानपत्रात नुसत्या बैठक क्रमांकांनी छापून यायचा. ज्याला क्रमांक माहीत त्याला निकाल माहीत, बाकीच्यांना नुसते आकडे. अर्ज क्रमांक, गुण आणि जागेचा प्रकार एवढ्यावर आजही कोणीही तपासणी करू शकतो. मुलीची जात तिच्या पूर्ण नावासकट कायमची गूगलवर राहायचं कारण नाही.

आता मुळाकडे येते. मुलं त्या अंदाज सांगणाऱ्या साइटवर जातातच का? हौस म्हणून नाही. आधीच्या वर्षी कोणत्या कॉलेजला किती पर्सेंटाइलवर प्रवेश बंद झाला, ते सीईटी कक्ष जाहीर करतो, फुकट, सगळ्यांसाठी. पण करतो ते शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये. त्यात रकान्यांची नावं अशी: जीओपनएच, एलओबीसीएस, जीएससीओ. पहिलं अक्षर सर्वसाधारण की मुलींसाठी, मधली अक्षरं प्रवर्ग, शेवटचं अक्षर स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातली जागा की बाहेरची की राज्य पातळीवरची. मला ते आता झोपेतही वाचता येतं, आणि त्यावरच माझं दुकान चालतं म्हणा. पण वैराग किंवा परांड्याहून आलेल्या पोरानं मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर ती पीडीएफ उघडायची आणि तीनशे पानांतून आपली ओळ शोधायची, हे त्याच्यानं होत नाही. खासगी साइटवाले तीच सरकारी पीडीएफ घेतात, चाळणी लावतात आणि तिच्यासमोर मोबाइल नंबरचं दार बसवतात. माहिती सरकारची, पैसा जनतेचा, आणि दारावरचा टोल भरतं सतरा वर्षांचं पोर.

ही चाळणी सीईटी कक्षाला स्वतः करता येणार नाही असं काही नाही. माझ्याकडे कामाला असलेल्या बीसीए झालेल्या मुलानं अभियांत्रिकीच्या एका वर्षाची आकडेवारी एक्सेलमध्ये ओतून तशी चाळणी बसवली आहे, दुकानात येणारी पोरं ती वापरतात. राज्याच्या वेबसाइटवर तीच हवी, गेल्या काही वर्षांच्या आकड्यांची, मराठीत, मोबाइलवर नीट दिसणारी. मुलीनं प्रवर्ग आणि उत्पन्न निवडलं की कोणत्या जागेला फी माफ आहे तेही तिथेच दिसावं. विचारायचं ते एवढंच: पर्सेंटाइल, प्रवर्ग, विद्यापीठ क्षेत्र, शाखा, उत्पन्नगट. नाव नको. ओटीपी नको. आणि मोबाइल नंबरचा रकाना ठेवूच नये.